माणदेशचा निवृत्ती आणि ओल्या गावाच्या रीती

आमच्या शेजारी एक भोळा राहायला आला. नाव निवृत्ती खताळ. गाव माणदेशातलं, जिथे ढग दिसला तर माणसं पोरांना उचलून दाखवतात. आला कुठे, तर आयर्लंडातल्या आमच्या या गावात. इथे एक रस्ता, एक चर्च, एक चीजचा कारखाना आणि बारा महिने पाऊस. मेंढ्यासुद्धा वाळत नाहीत.

कारखान्यात त्याला यंत्रांची देखभाल करायची नोकरी लागली होती. बायको वनिता गावी होती. तिला आणायचं तर घरमालकिणीची सही असलेला कागद हवा होता. घर नीट राखलं, शेजारपाजार नीट सांभाळला, तर तीन महिन्यांनी सही करीन, असं मॉरीनबाईंनी बजावलं होतं. निवृत्तीचा सगळा जीव त्या कागदात.

पहिल्या दिवशी त्याने घरातली सगळी भांडी अंगणात मांडली. पातेली, कढई, चहाचे कपसुद्धा. मी पडद्याआडून पाहिलं आणि जाऊन विचारलं.

"पाणी भरून ठेवतोय काकू. उद्याचं काय सांगावं?"

मला वाईट वाटलं. म्हटलं, आपल्याकडच्या या पोराला चार रीती शिकवल्या पाहिजेत. तिथेच माझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमनने त्याला विचारलं, "कसा आहेस?" निवृत्तीने सांगायला घेतलं. आईचे गुडघे, आटलेली विहीर, विकलेला बैल, मेव्हण्याचं मोडलेलं लग्न. पाऊण तास. पिशवीतल्या पत्रांचा लगदा झाला.

मी म्हटलं, "अरे, इथे कोणी कसा आहेस म्हटलं की 'मजेत' म्हणायचं. बास."

"व्हय काकू. मजेत. बास."

आठवड्याने शेवाळलेल्या पायरीवरून तो घसरला. पाऊल भोपळ्याएवढं सुजलं. लंगडत डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, कसे आहात? हा म्हणाला, मजेत. डॉक्टरला आनंद झाला. असा पेशंट त्याला वर्षात पहिल्यांदा भेटला होता. हात मिळवून त्याने याला घरी पाठवलं. चार दिवस निवृत्ती एका पायावर स्वयंपाक करत होता.

मी कपाळावर हात मारला. "अरे, दुखतं ते लपवायचं नाही. बूट काढायचा, मोजा काढायचा, सरळ दाखवायचं."

"व्हय काकू. काढायचं, दाखवायचं."

मग मॉरीनबाईंचा थोरला भाऊ गेला. इथे मयताला दिवाणखान्यात ठेवतात. गाव रांग लावतं, घरच्यांचा हात हातात घेतं आणि शेजारच्या खोलीत जाऊन सँडविच खातं. माणूस कसा होता यापेक्षा सँडविच कसं होतं, यावर जास्त बोलणं होतं. मीही गेले होते, निवृत्ती माझ्या पुढे. त्याच्या पुढचा म्हातारा मॉरीनबाईंना म्हणाला, "तुमचं दुःख तेच आमचं दुःख." निवृत्तीचा नंबर आला. दुखण्याचा विषय निघालेलाच होता. त्याने बूट काढला. मोजा काढला. शवपेटीशेजारच्या मखमली खुर्चीवर पाऊल ठेवलं आणि म्हणाला, "हितं. जांभळं झालंय बघा."

पाद्रीबुवांनी डोळे मिटले. मॉरीनबाईंचं रडणं थांबलं, पण ते बरं चिन्ह नव्हतं.

घरी येताना मी त्याला झापलं. "हात हातात घ्यायचा, मान खाली घालायची, 'फार वाईट झालं' म्हणायचं आणि पुढे सरकायचं. एवढं जमत नाही?"

"जमंल काकू. हात, मान, वाईट झालं, पुढं सरकायचं."

तीन महिने भरले. मॉरीनबाई बिचारीने खुर्चीचं मनावर घेतलं नव्हतं. छत्री झटकत, कागद घेऊन, स्वतः त्याच्या दारात आल्या. चेहरा फुललेला. म्हणाल्या, माझ्या लेकीला अकरा वर्षांनी मुलगी झाली.

निवृत्तीने त्यांचा हात हातात घेतला. मान खाली घातली.

"फार वाईट झालं," म्हणाला.

आणि पुढे सरकला. पुढे दार होतं. दारातून बाहेर पडला, पावसात सरकत सरकत पोस्टापर्यंत गेला. मॉरीनबाई त्याच्या दारात एकट्या. कागद तसाच घडी करून त्यांनी पर्समध्ये टाकला. मग मी रात्रीच्या जेवणाचं सगळं बाजूला ठेवून नारळाच्या वड्या थापल्या, त्यांच्याकडे गेले, तो मनाने फार चांगला आहे असं सहा वेळा सांगितलं. सातव्या वडीला सही झाली.

परत येऊन मी विचारलं, "दारात आलेल्या माणसाला टाकून जायची आपली रीत आहे का रे? हाताला धरून आत आणायचं. बसवायचं. पोटभर जेवू घालायचं. नको नको म्हटलं तरी उठू द्यायचं नाही."

त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "ही तर आमच्या आईचीच रीत. आधी नाही का सांगायचं?"

पुढच्याच मंगळवारी घर झाडायचं यंत्र विकणारा एक माणूस आला. दार उघडलं तेव्हा तो हसत होता. निवृत्तीने त्याला हाताला धरून आत नेलं. बसवलं. पिठलं, भाकरी, ठेचा. तो म्हणाला, नको. निवृत्तीने वाढलं. तो म्हणाला, पुरे. निवृत्तीने वाढलं. तो उठला, तर निवृत्तीने खांद्याला धरून बसवलं. "साहेब, अजून अर्धी. आईची शपथ." दोन तासांनी तो हात धुवायचं सांगून न्हाणीघरात गेला. आतून कडी लावली आणि पोलिसांना फोन केला की मला कोंडून तिखट चारताहेत.

गावात पोलीस एकच, डेक्लन. तो आला. निवृत्तीने त्यालाही हाताला धरून बसवलं. दीड भाकरी खाऊन, डोळे पुसत, डेक्लनने कायदा सांगितला. "आधी न कळवता जो येईल त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवायचं. हवेबद्दल दोन गोड शब्द बोलायचे, हसायचं, दार लावायचं. या देशात सगळे असंच करतात, म्हणून तर आम्ही सुखात आहोत."

निवृत्तीने ते घोकून पाठ केलं.

आता वनिताचं ऐका. त्या कागदावर तिला यायची परवानगी मिळाली, तिकीट शनिवारचं होतं. पण शुक्रवारच्या विमानात जागा झाली, म्हणून ती एक दिवस आधीच निघाली. नवऱ्याची गंमत करावी म्हणून कळवलं नाही. दुपारी बसमधून उतरली. दोन बॅगा, ज्वारीच्या पिठाचं पोतं, अंगावर नवी साडी, आणि पाऊस असा की साडीचा रंग रस्त्यावरून वाहत होता. मी पडद्याआडून पाहत होते. तिने दार वाजवलं.

निवृत्तीने उघडलं. क्षणभर त्याचा चेहरा उजळला. मग काहीतरी आठवल्यासारखा सावरला.

"आज जरा कमी हाय, न्हाई का?" म्हणाला. हसला. दार लावलं.

तिला वाटलं, चेष्टा करतोय. ती हसली. पुन्हा वाजवलं.

"वारं मातुर सुटलंय," तो म्हणाला आणि आणखी गोड हसला. दार लावलं.

तिसऱ्यांदा तिने वाजवलंच नाही. बॅगा ओढत माझ्याकडे आली. मी तिला कोरडं नेसायला दिलं, चहा दिला. त्याच्याकडे जायला निघाले, तर तिने माझा हात धरला.

"त्याला सांगू नका, काकू. मी हितं हाय ते त्याचं त्याला शोधू दे. उद्या संध्याकाळपर्यंत आला नाही, तर मी परत जाणार. हितल्या मेंढ्यांशी संसार कर म्हणावं."

शनिवारी सकाळी तो नवा शर्ट घालून बसमध्ये चढला. मी म्हटलं, बघ, निघाला तुला शोधायला. वनिताने पोतं सोडलं आणि तिघांपुरतं पीठ मळायला घेतलं.

संध्याकाळी तो परत आला. डोळे सुजलेले, हातात फुलांचा गुच्छ, सोबत डेक्लन. सरळ माझ्याच दारात. विमानतळावर दिवसभर थांबला होता. शनिवारचं विमान आलं, रिकामं झालं, वनिता उतरली नाही. म्हणून बायको हरवल्याची तक्रार द्यायला हा थेट पोलिसाकडे गेला होता, आणि डेक्लन शेजाऱ्यांकडे चौकशीला आला होता. आतल्या खोलीत भाकरीची थापथाप थांबली.

डेक्लनने वही काढली. "बायकोला शेवटचं कधी पाहिलंस?"

"काल," निवृत्ती हुंदके देत म्हणाला.

"कुठे?"

"माझ्या दारात. भिजत हुती."

डेक्लनचं पेन थांबलं. "मग तू काय केलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच केलं, साहेब. दोनदा."