बंद फोनवरून फोन

"नंबर मिळणार नाही म्हणजे नाही!" राजा हट्टसेन सिंहासनाच्या हातावर मूठ आपटून ओरडला. "जायचं तर खुशाल जा. नंबर इथेच ठेवून जा!"

समोर उभी होती भिवरामावशी, खणखणपूरची सुईण. तिची तक्रार साधी होती. राज्यातले सगळे फोन राजाच्या मालकीचे, आणि त्या फोनांत बोलणं कमी, खरखर जास्त! परवा कुंभारणीनं कळा सुरू झाल्याचं सांगायला फोन केला आणि "मावशी" म्हणताच लाइन गेली. माणूस निरोप घेऊन पायी आला, मावशी धावत गेली, तर बाळ जन्मून टाहो फोडत होतं. देवाची कृपा म्हणून सगळं नीट झालं. त्याच दिवशी मावशीनं ठरवलं, की नदीपलीकडच्या राजाचा फोन घ्यायचा. तो हट्टसेनाचा मेहुणा, पण त्याच्या फोनवर पलीकडच्यानं जांभई दिली तरी ऐकू येते म्हणे!

अडचण एकच, नंबराची. तीन-सात-दोन-सात हा नंबर बारा गावच्या बायकांना तोंडपाठ होता. डोहाळेजेवणात पेढ्या-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, की गर्भारणीनं आधी हा नंबर म्हणायचा आणि मगच वाटी उघडायची, असा रिवाजच पडला होता. तो नंबर गेला, तर अडलेली बाई ऐन वेळी फोन कुणाला करणार?

"महाराज, तीस वर्षं झाली. नंबर माझा आहे."

"तुझा? मग सिद्ध कर!" राजा मिशीत हसला. "आधी फोन बंद करून घे. आणि उद्या दुपारच्या आत त्याच बंद फोनवरून मला फोन करून सांग, की नंबर तुझा आहे! फोन आला तर घेऊन जा. नाही आला तर नंबर माझा!"

दरबाऱ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा राजा जन्मला तेव्हा ह्याला उलटं धरून, पाठीत धपाटा घालून तिनंच रडवलं होतं. तेव्हाच आणखी एक घालायला हवा होता, असं तिला वाटलं. पण ती म्हणाली एवढंच, "मंजूर!"

तिनं फोन बंद करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दरबारात हजर झाली.

"नाही आला फोन!" राजा खुशीत ओरडला. "नंबर माझा!"

"तुमचा? मग त्यावरून मला एक फोन करून दाखवा की. अट ती अट!"

"बंद फोनवरून कसा करणार? वेड लागलंय का तुला?"

"मग तो तुमचाही नाही!"

प्रधानाला ठसका लागला. राजा गुरकावला, "मग कुणाचा?"

"बेवारस, महाराज. आणि आपल्याकडे एका गाईवर दोघांनी हक्क सांगितला, तर तिला वेशीवर सोडून देतात. ती ज्याच्या दारात जाऊन हंबरेल त्याची गाय. तुमच्या आजोबांचाच कायदा!"

"नंबराला पाय असतात का?"

"घंटी असते ना! इथेच दरबारात चालू करा. फोन करणारे कुणाला विचारतात ते बघू."

राजाला गंमत वाटली. "एकानं जरी मला विचारलं, तरी नंबर माझा!" त्यानं फोन जोडून घेतला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून वर भोंगा लावला.

ट्रिंग ट्रिंग! राजानं ऐटीत फोन उचलला.

"मावशी, बाळाचं पोट फुगलंय हो!"

"बेंबीभोवती हिंग लाव!" मावशी जागेवरूनच ओरडली. राजानं मुकाट्यानं निरोप दिला.

ट्रिंग ट्रिंग!

"मावशीला दे. माझी म्हैस अडलीय."

"मी महाराज बोलतोय!"

"असशील बाबा. म्हशीतलं काही कळतं का तुला?"

"...नाही."

"मग मावशीला दे की! उगाच फोन अडवून बसलाय!"

दरबार उपरण्यात तोंड खुपसून हसू लागला. मावशीनं फोन घेऊन म्हशीचा उपाय सांगितला. तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. राजानं फोन उचलायचा अवकाश, पलीकडून बोलणं सुरूसुद्धा झालं.

"मावशी, मी राणी बोलतेय. मला दिवस गेलेत! पण ह्यांच्या कानावर घालू नका. तोफा उडवतील आणि माझं डोकं उठवतील!"

राजाचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसत सुटला.

"तोफा नकोत! कुणी तोफांना हात लावायचा नाही! नंबर मावशीचा, तिला हवा तिथे ती नेईल! आणि हे घे मावशी!" त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं. मग त्याला एकदम धडकी भरली. "अरे, ऐन वेळी खरखर झाली तर? माझाही फोन मेहुण्याकडे लावा! नंबर मात्र हाच राहू दे!"

फोनखात्याचा कारकून चाचरत पुढे आला. "महाराज, कालच्या अटीप्रमाणे आधी आपला फोन बंद करावा लागेल. मग त्याच बंद फोनवरून..."

राजानं केविलवाण्या नजरेनं मावशीकडे पाहिलं.

"घाबरू नका, महाराज," मावशी कडं कोपरापर्यंत सरकवत म्हणाली, "तुमचाही नंबर गाईसारखा सोडून बघू. तुम्हाला कुणी विचारतं का, तेही कळेल!"

आणि सगळ्यात मोठ्यानं हसला तो राजाच!