बकुळाचा डोहाळा

पऱ्या अजून रानात राहत होत्या आणि माणसांच्या हाका त्यांना ऐकू येत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका इवल्याशा गावात हौसा नावाची बाई राहायची. परीच्या गोष्टीत एखादी गरीब, गुणी मुलगी असते. आपली हौसा गरीब होती, गुणीही होती, पण होती चांगली पन्नाशीची! मग परी तिला भेटलीच कशी, ते आता ऐका.

हौसा पळसाच्या पत्रावळी लावायची. सकाळी रानातून रुंद, हिरवीगार पानं आणायची आणि दुपारभर ती बारीक काड्यांनी एकमेकांना जोडत बसायची. कोवळं, पोपटी पान ती कधी खुडत नसे. गावात बारसं असो, लग्न असो की डोहाळजेवण असो, पंगतीला पत्रावळ हौसाचीच. डोहाळजेवण म्हणजे पोटात बाळ असलेल्या बाईचे लाड करायचा दिवस. तिला फुलांनी सजवतात, तिला काय खावंसं वाटतं ते विचारून करून घालतात आणि बायका तिची ओटी भरतात.

हौसाची एकुलती एक लेक बकुळा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना उलटून चालला होता, पण तिचं डोहाळजेवण काही झालं नव्हतं. हौसाच्या घराचं दारच हल्ली उघडत नव्हतं.

बकुळाला मनाचा आजार होता. पोट आजारी पडतं, डोळे आजारी पडतात, तसं कुणाकुणाचं मनही आजारी पडतं. कधी बकुळाला दिवसच्या दिवस झोप येत नसे, ती घरभर धावायची आणि एका दमात दहा गाणी म्हणायची. मग एके दिवशी सगळं मावळायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नदीपलीकडे वेणूताई नावाच्या वैद्यीणबाई होत्या. त्यांच्या औषधानं ती चार-पाच वर्षं छान होती. लग्न झालं, भला नवरा मिळाला, तो दूर समुद्रावर बोटीत कामाला होता. मग पोटात बाळ आलं आणि हौसा घाबरली. गोळ्या बाळाला बाधतील, असं तिचं तिनंच ठरवलं. ना वेणूताईंना विचारलं, ना बकुळाला. बकुळा माहेरी येताच औषधाची डबी तिनं तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली.

आणि बकुळा पुन्हा भिंतीकडे वळली.

हौसाचा जीव तिळतिळ तुटायचा. "बकुळा दिसत नाही ती?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "झोपलीय." रोज झोपलीय! लोकांना कळलं तर लेकीला नावं ठेवतील, या भीतीनं तिनं सगळं स्वतःच्या पोटात ठेवलं होतं.

भाद्रपदातल्या एका सकाळी हौसा रानात गेली. ऊन सोनेरी होतं, गवतावर थेंब लुकलुकत होते, निळी-जांभळी रानफुलं माना डोलावत होती. पण हौसाला काही दिसेना. पानं खुडता खुडता तिचे हात थांबले, ती मटकन खाली बसली आणि हुंदके देत म्हणाली, "आई गं! मी काय करू गं आई?"

तोच समोरचा पळस अवेळीच फुलला! फांदीफांदीवर केशरी कळ्या उमलल्या आणि एका फुलातून बोटभर उंचीची परी खाली उतरली. तिचा झगा केशरी, पंख चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत आणि पायांत दवाचे चिमुकले पैंजण.

"अगंबाई!" हौसा डोळे पुसत म्हणाली. "पऱ्या तर लहान मुलांना दिसतात."

"हो ना," परी हसून म्हणाली. "पण तू आत्ता आईला हाक मारलीस. तेवढा वेळ तू लहानच होतीस. आणि माझ्या झाडाचं कोवळं पान तू कधी तोडलं नाहीस, हेही मला ठाऊक आहे. सांग, काय हवं?"

"माझ्या लेकीचा आजार पुसून टाक."

परीचे पंख मिटले. "ते माझ्या हातात नाही गं. मी डोहाळे पुरवणारी परी. पोटुशीला जे मनापासून हवंसं वाटतं, तो तिचा डोहाळा. तीनदा माग. पण नियम एकच, डोहाळा तिचा हवा."

"माझीच लेक ती. मला माहीत नसायला काय झालं?" हौसा म्हणाली. "लहानपणी चिंचेवर जीव होता तिचा. चिंचा दे."

परीनं टाळी वाजवली. हौसाच्या टोपलीत गाभुळलेल्या, तांबूस चिंचा टपटप पडल्या. हौसा धावत घरी आली, पण बकुळानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. चिंचा उशाशी तशाच पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हौसा म्हणाली, "परीबाई, माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर हसू येऊ दे."

परी जरा थबकली, पण तिनं टाळी वाजवली. हौसा घरी येऊन पाहते तर बकुळा हसत होती. ओठ हसत होते, दात दिसत होते आणि डोळे मात्र पाण्यानं भरले होते! ते हसू तिला मिटता येईना. पाणी पितानाही हसू, हुंदक्यातही हसू.  लेकीचा चेहरा पोटाशी धरून हौसा बसून राहिली. तिन्हीसांजेला ते हसू सुकल्या फुलासारखं गळून पडलं, तेव्हा कुठे दोघींनी श्वास सोडला.

तिसऱ्या दिवशी हौसा मान खाली घालून पळसाशी गेली. "चुकलं माझं. पण तिला काय हवंय, ते मला कसं कळणार?"

"विचारलंस?" परी हळूच म्हणाली.

एवढंच. गावातल्या किती पोरींचे डोहाळे हौसानं हौसेनं विचारले होते! स्वतःच्या लेकीला मात्र "ऊठ", "खा" आणि "हस बघू" यापलीकडे ती काही म्हणालीच नव्हती.

ती घरी आली. बकुळाजवळ जमिनीवर बसली. "बकू, तुला काय हवंसं वाटतंय गं? मी मध्ये बोलणार नाही."

 भिंतीकडे बघतच बकुळा म्हणाली, "आई, मी नसलेच, तर बाळाला बरं पडेल का गं? चांगली आई मिळेल त्याला."

 ओरडावं, लेकीच्या तोंडावर हात ठेवावा, असं हौसाला वाटलं. पण तिनं शब्द दिला होता. तिनं फक्त लेकीचा हात हातात घेतला.

"तसं मनात येतं ना, तेव्हा भीती वाटते गं मला," बकुळा म्हणाली. "मला वेणूताईंकडे ने. मला एकटीला ठेवू नकोस. आणि मी झोपलेय असं लोकांना सांगू नकोस. मी झोपलेली नसते. मला सगळं ऐकू येतं."

"नेते," हौसा म्हणाली. "आजच नेते." तांदळात हात घालून तिनं डबी काढली, पदराला बांधली, लेकीला धरून उठवलं आणि तिला घेऊन ती नदीवर आली.

नदी दुथडी भरून वाहत होती आणि नाव बंद होती. हौसानं हाक मारायच्या आत परी तिथं भिरभिरत आली. "हा तिचा खरा डोहाळा! हा मी पुरवते." तिनं झगा झटकला. लक्षावधी पाकळ्या उडाल्या आणि पाण्यावर केशरी, झगमगता पूल उभा राहिला.

"पण नीट ऐक. हा पूल पाकळ्यांचा आहे. दोघीच गेलात तर तो बुडेल. तू सोडून पाचजणी हव्यात. आणि का जायचंय, ते प्रत्येकीला खरं खरं सांगायचं."

हौसानं गावाकडे पाहिलं. पुराची तिला एवढी भीती नव्हती, जेवढी लोकांच्या दारांची. पण बकुळाचा हात तिच्या हातात होता.

पहिल्या दारात ती म्हणाली, "माझ्या लेकीचं मन आजारी आहे. सोबत येता?" आतून कडी लागली. हौसाचा चेहरा पडला, पण ती पुढे चालू लागली.

दुसऱ्या दारात गोदाकाकू तांदूळ निवडत होत्या. ऐकल्या ऐकल्या त्यांनी सूप खाली ठेवलं. "माझ्या बहिणीला हेच झालं होतं गं. आम्हीपण दार लावून घेतलं होतं. चल, आलेच मी." शेजारची चंपा ओल्या हातांनीच निघाली. कुंभारणीची सून तुळसा म्हणाली, "इतके दिवस एकटीनं सोसलंस? मी काय मेले होते?" आणि पारूमावशी दारातच घुटमळल्या. "ओटी भरायला आम्हा विधवांना कुणी बोलवत नाही बाई. मी चालेन का?"

"चालाल काय मावशी, तुमचा आधार होईल मला," हौसा म्हणाली.

चारजणी झाल्या. पाचवी काही मिळेना. कुणी शेतावर, कुणी बाजाराला. पलीकडे ऊन उतरू लागलं, पाकळ्यांच्या कडा सुकू लागल्या. नदीकाठी परत येऊन हौसा रडकुंडीला आली. "परीबाई, एक कमी पडतेय गं!"

तेव्हा तिच्या मागून अगदी बारीक आवाज आला.

"आई, मी आहे ना. मला धर की पाचवी."

हौसानं वळून पाहिलं. सकाळी "मी नसलेच तर" म्हणणारी तिची लेक स्वतःला मोजायला सांगत होती. हौसा रडायलाच लागली. गोदाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला.

परीनं मान डोलावली आणि बकुळानं पहिलं पाऊल टाकलं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पारूमावशी, पुढेमागे तिघी. पाकळ्या थरथरल्या, चमचमल्या, पण पूल हलला नाही.

वेणूताईंनी बकुळाचं सगळं ऐकून घेतलं. घाईनं मध्ये बोलल्या नाहीत. डबी पाहून त्या हौसाला म्हणाल्या, "मनात भीती होती तर आधी मला विचारायचं होतंस. पोटात बाळ असताना कुठलं औषध द्यायचं आणि किती, ते बघायलाच मी बसलेय ना?" मग त्यांनी औषध बदलून दिलं, सुईणीला निरोप धाडला, दर आठवड्याला यायला सांगितलं. "तसलं काही मनात आलं की लपवायचं नाही, बकुळा. ज्या वेळी येईल त्या वेळी सांगायचं. मध्यरात्र असली तरी." चौघींनी तिथल्या तिथे पाळ्या वाटून घेतल्या. कुणी सकाळी बकुळाजवळ बसायचं, कुणी दुपारी.

बकुळा काही एका दिवसात बरी झाली नाही. कधी भिंत तिला पुन्हा ओढून घ्यायची. पण आता पाठीशी कुणीतरी बसलेलं असायचं, काही न बोलता, पत्रावळ लावत.

आणि आठव्या महिन्यात, जरा उशिरा का होईना, हौसाच्या अंगणात डोहाळजेवण झालं! झेंडूच्या माळा, हिरवी साडी, पाटाभोवती रांगोळीचे ठिपके. पारूमावशींनी बकुळाची ओटी भरली आणि कुणाची काही म्हणायची छाती झाली नाही. पहिल्या दारातली बाईही आली, ओशाळून कोपऱ्यात बसली. हौसानं तिलाही वाढलं. आणि तुळशीपाशी एका पळसाच्या पानाची चिमुकली पत्रावळ मांडली. ती कुणासाठी, ते फक्त पुलावरून गेलेल्यांना माहीत होतं.

परी त्या पानाच्या काठावर येऊन बसली. तिनं शिताएवढा भात खाल्ला.

पंगत चालू असताना बकुळा हौसाच्या कानाशी वाकली.

"आई, त्या दिवशीच्या चिंचा उरल्यात का गं? आंबट खावंसं वाटतंय."

हौसाच्या हातातला डाव तसाच राहिला. तिनं तुळशीकडे पाहिलं. तिथं केशरी उजेड झाला, अंगणभर पसरला, बकुळाच्या गालांवर क्षणभर टेकला आणि विरून गेला. पानावर पळसाची एक पाकळी उरली होती.

हौसा डाव टाकून चिंचा आणायला धावली, आणि आपली गोष्ट तिथंच अंगणात, पंगतीला बसून राहिली.