शेवटच्या पानापर्यंत

एका राज्यात पोटं भरत, पण अन्न अंगी लागत नसे. भाकरी खावी ती भुशासारखी, भाजी खावी ती पाचोळ्यासारखी. मुलं वाळत चालली होती. झालं होतं असं, की मागच्या राजानं सकस धान्य आणि हिरवा भाजीपाला तटाआड बंद केला, नि दारी आलेल्या उपाशी मांत्रिकाला हाकललं. मांत्रिक म्हणाला, "आता हे कुणाच्याच अंगी लागणार नाही."

पुढे त्या राजाचा मुलगा भद्रसेन गादीवर आला. एके दिवशी घाण्यावर तेल काढणारी सोनाई त्याच्या दाराशी आली. कडेवर लेक गौतमी. वय धावण्याचं, पण पायांत बळ नाही.

"महाराज, हिला उभी करा. दुसरं मागणं नाही."

 तटावरची साळुंकी राजाला म्हणाली, "तट पाड. कोठार उघड. मग गावासोबत एका पंगतीत जेव."

"एवढंच?"

"तिसरं जड जाईल, राजा."

कुदळ लागली तसे दगड कण्हले, पण तट पडला. कोठारावरच्या नागानं विचारलं, "कुणासाठी?" राजा म्हणाला, "सगळ्यांसाठी." नाग बाजूला झाला.

राजवाड्यापासून नदीपर्यंत पानं मांडली. नाचणीची भाकरी, मुगाचं वरण, माठाची भाजी. पहिलं वाढलं राजाला, आणि जन्माच्या सवयीनं त्यानं घास उचलला. झालं! शिजवलं तेवढ्याचा भुसा.

"अहो महाराज!" सोनाईनं कपाळाला हात लावला. "शेवटच्या पानात वाढल्याशिवाय कुणी घास घेतं का? आमची पोरंसुद्धा हात आवरतात."

"मी कधी पंगतीत बसलोच नाही, बाई."

"मग शीक," साळुंकी म्हणाली.

पुन्हा शिजवलं, पुन्हा वाढलं. वरणाची वाफ नाकाशी, पोटात कावळे. राजा हात मांडीखाली दाबून बसला. वाढपी आपला सावकाश, एकेका पानाशी वाकत चाललेला. चालायचंच, पंगतीला घाई कसली? अखेर नदीकाठून हाक आली, "वाढलं हो!"

तेव्हा सारे जेवले, आणि अन्नाला अन्नाची चव आली. कोठार गावाचं झालं. तटाच्या जागी मळा झाला. ज्याला हवी त्यानं भाजी खुडावी.

गौतमीनं भाकरी संपवली, आईच्या मांडीवरून उतरली, उभी राहिली, आणि थेट पंगतीतूनच पळत सुटली.

"अगं कार्टे, पानं तुडवशील!" सोनाई ओरडली, आणि ओरडता ओरडता थबकली. लेकीला असं रागावायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती.