पॅनेलवरच्या कुरडया

विजेच्या तारा अजून डोंगर चढून आल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. वाडीतली गिरणी एक डिझेलचं इंजिन धडधडत चालवायचं. मग बचत गटाच्या बायकांनी गटाची शिल्लक घालून छपरावर सौर पॅनेल बसवलं.

"ना आवाज, ना धूर. हे काय दळणार?" इंजिन हसलं.

दुसऱ्याच दिवशी दळण मध्येच थांबलं. इंजिनाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गिरणीवाली अनसूया शिडी चढून वर गेली, तर पारूकाकूंनी पॅनेलवर साडी अंथरून कुरडया वाळत घातलेल्या!

"अहो काकू, याला ऊन लागतं!"

"मग माझ्या कुरडयांना नाही लागत?"

हसत हसत दोघींनी साडी उचलली. खाली जातं आपसूक फिरू लागलं.

इंजिन थक्क झालं. "एवढी ताकद येते कुठून?"

"उन्हातून," पॅनेल म्हणालं. "तुझ्या पोटातलं तेलही उन्हाचंच. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांनी साठवलेलं, काकू पावसाळ्यासाठी कुरडया साठवतात तसं."

दारातून आलेला उन्हाचा पट्टा इंजिनाच्या पायाशी पडला होता. तो रोजच यायचा. इंजिनाने त्याला आज पहिल्यांदा पाहिलं.