टिटवीवरचा ठराव

तळ्याला नुकताच बांध घातला होता, त्या जुन्या काळची ही हकिकत. बांधाखालच्या माळावर प्राण्यांची सभा भरली होती. कासव अध्यक्ष होतं.

टिटवी धापा टाकत आली. "अध्यक्ष महाराज, बांधाला भोक पडलंय. पाणी झिरपतंय. आजचा दिवससुद्धा बांध टिकायचा नाही!"

उंदीर ताडकन उठला. ते भोक म्हणजे त्याचंच बीळ होतं. "हिचं काय ऐकता? हिचं ओरडणं म्हणजे अपशकुन! आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणारी ही!"

सभा खो खो हसली.

"माझा आवाज वाईट आहे, कबूल," टिटवी म्हणाली. "माझ्या झोपण्यालाही खुशाल हसा. पण भोक आहे की नाही, तेवढं कुणीतरी बघून या हो. माझी अंडी याच माळावर आहेत."

"विषयांतर नको," कासव म्हणालं. "टिटवी अपशकुनी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर झाले. सशानेही केला, आणि तो तसाच थबकला. त्याचे मागचे पाय ओले झाले होते. घाबरून त्याने उंदराकडे पाहिलं.

उंदराचाही हात वर होता. फक्त तो बाभळीच्या शेंड्यावर बसला होता.