नाताळातला चहा

माझं शिक्षण आठवीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, घरात बोलतो तसे. गोष्ट रेमेद तुस्कानोची आहे.

“...मग मी काय करायला हवं होतं, फादर? खोटं बोलायला हवं होतं का?”

रेमेदने विचारलं. फादर इजिदोर ओटीवर बसून केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाच्या दोऱ्या काढत होते. एक दोरी काढून झाली, मग दुसरी घेतली.

रेमेदला धर्मशिक्षण त्यांनीच दिलेलं. आता ते निवृत्त होऊन वसईजवळच्या आपल्याच गावात, बहिणीच्या वाडीत राहत होते. रेमेद बँकेतून सुटला की अधूनमधून त्यांच्याकडे येऊन बसायचा. पण आज तो नुसता बसायला आला नव्हता.

रेमेदला वाईनचा नाद होता. पिण्याचा नव्हे, चाखण्याचा.

दुकानातून बाटली आणायची. पेला खिडकीपाशी धरून रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा. मग एक घोट तोंडात घोळवून मगात थुंकून टाकायचा. आणि निकाल द्यायचा. किमतीच्या कसाला बाटली उतरली, तर “पैसा वसूल”. नाही उतरली, तर “पैसा पाण्यात”. तिसरा निकाल त्याच्याकडे नव्हता.

त्याची जीभ खरोखरच तल्लख होती. महागडी बाटली त्याने नावावरून कधी चढवली नाही आणि स्वस्तातली आहे म्हणून कधी उतरवली नाही. लग्नकार्य निघालं की बँकेतली माणसं आधी त्याला विचारायची. साहेबसुद्धा विचारायचे. त्यामुळे मान थोडी ताठ झाली होती, आणि ते त्याला आवडतही होतं.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो नाताळात.

आमच्याकडे नाताळात माणसं घरोघरी जातात. प्रत्येक घरात नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी पुढे येते आणि तिच्याबरोबर घरी केलेली वाईन. महिना-दीड महिना आधी बाया मनुका किंवा काळी द्राक्षं साखरेत घालून बरणीचं तोंड बांधतात आणि सणाच्या तोंडावर गाळतात. रेमेदने त्या पेल्यांचेही निकाल द्यायला सुरुवात केली. एका घरी म्हणाला, खमिराचा वास मारतोय. दुसऱ्या घरी म्हणाला, साखर घालून दोष झाकलाय. आणि सख्ख्या थोरल्या भावाच्या घरी, सांतान वहिनीच्या माहेरची माणसं समोर बसलेली असताना म्हणाला, की एवढ्या मनुका घालण्यापेक्षा बाजारातून बाटली आणली असती तर स्वस्तात पडलं असतं.

हिशेब बरोबर होता. म्हणूनच तो वहिनीला जास्त लागला.

पुढच्या नाताळात रेमेद ज्या ज्या घरी गेला, तिथे त्याला चहा मिळाला. वाईन संपली म्हणाले. पहिल्या दोन-तीन घरी त्याला मनातून बरं वाटलं. आपल्या जिभेला लोक भितात, असं वाटलं. मग तो थोरल्याच्या घरी गेला. तिथेही चहाच आला. भाऊ जमिनीकडे बघत बसला, आणि आतल्या खोलीत पेल्याला पेला लागल्याचा आवाज झाला.

त्याने चहा संपवला आणि घरी आला. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नाही.

आता पुन्हा बरण्या भरायचे दिवस आले होते. या नाताळातही सख्ख्या भावाच्या घरी आपण परक्यासारखे चहा पिऊन येणार, हे त्याला दिसत होतं. म्हणून तो फादरांकडे आला होता.

“चहा कसा होता?” फादरांनी विचारलं.

“कुठला?”

“नाताळातला.”

“चहाचं काय बोलायचं, फादर? चहासारखा चहा.”

“काहीच बोलला नाहीस?”

“चहाबद्दल कोण बोलतं?”

“म्हणूनच देत असतील,” फादर म्हणाले.

फादरांनी दोऱ्या बाजूला ठेवल्या, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. येताना एक बाटली आणि दोन पेले घेऊन आले. बाटलीला चिठ्ठी नव्हती. दोन्ही पेले भरून त्यांनी एक रेमेदपुढे ठेवला.

रेमेदचा हात सवयीने चालला. पेला उन्हात धरला, गोल फिरवला, वास घेतला. घोट तोंडात घोळवला. थुंकायला इकडेतिकडे बघितलं. ओटीवर तुळतुळीत सारवलेलं होतं. शेवटी गिळला.

फादर आपला पेला हळूहळू पीत होते. त्यांनी रेमेदच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी यंदा लवकर उतरलं, ते म्हणाले, विहिरी मार्चपर्यंत तरी टिकल्या पाहिजेत. त्याच्या धाकट्या मुलीचं शाळेत कसं चाललंय तेही विचारलं.

रेमेद उत्तरं देत होता, पण लक्ष पेल्याकडे होतं. फादर आता विचारतील, कशी आहे. आता विचारतील...

फादरांनी विचारलं नाही.

शेवटी त्यालाच राहवेना. “राग मानू नका फादर, पण ही आंबूस झालीय. बूच नीट बसलं नसणार. वारा लागलाय तिला.”

फादरांनी मान हलवली. मग आत बहिणीला हाक मारून म्हणाले, “ओजेन, रेमेदसाठी चहा ठेव गं.”

रेमेदच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“पण ती खरंच आंबूस आहे, फादर.”

“आहेच. मी कुठे नाही म्हणतोय?”

“मग?”

“मी तुला ती दिली होती की विकली होती?”

...

वाडीत कोणीतरी पंप सुरू केला. पाणी पाटाने सुपारीच्या झाडांकडे निघालं.

फादरांनी रेमेदचा पेला उचलला. त्यात बरीच वाईन शिल्लक होती. ती त्यांनी आपल्या पेल्यात ओतली आणि पिऊन टाकली. मग तांब्यातलं थोडं पाणी रेमेदच्या रिकाम्या पेल्यात घातलं, पेला हलवला, आणि तेही पाणी पिऊन टाकलं.

हे रेमेदने लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये बघितलं होतं. मिस्सा संपत आली की धर्मगुरू वेदीवरचा पेला असाच पाण्याने विसळतात आणि ते पाणी पितात. ती वाईन पवित्र झालेली असते, पेल्यात थेंब मागे ठेवायचा नसतो. पण ओटीवर, अशा आंबलेल्या वाईनसाठी हे कोणी केलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं.

ओजेनबायने चहा आणला. रेमेदकडे बघून हसली आणि, फुंकून पी, भाजेल, म्हणाली. तो फुंकून प्यायला.

चहा पिता पिता त्याच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती येताच तो जरा पुढे सरकून बसला. फादर इतकी वर्षं रोज सकाळी मिस्सा करत आले. वसईत केली, मुंबईत केली, जव्हारच्या बाजूला डोंगरात केली. म्हणजे इतकी वर्षं रोज एक घोट वाईन. आणि डोंगरात तर जशी येईल तशी. एवढ्या तऱ्हा चाखलेला दुसरा माणूस त्याच्या ओळखीत नव्हता. आणि इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलंच नव्हतं.

“फादर, सगळ्यात चांगली कुठली होती?”

फादर हसले. याचा नाद काही सुटायचा नाही, असं ते हसणं होतं. मग ते खरोखरच आठवायला लागले. बराच वेळ आठवत राहिले...

मग त्यांनी सांगितलं. डोंगरातलं एक गाव होतं. थंडीचे दिवस होते, माणसं कामाला वीटभट्ट्यांवर गेलेली. चर्च म्हणजे कुडाची एक खोली. बाटलीत तळाशी राहिली होती, ती उपडी करून कशीबशी पेल्यात उतरवली. समोर कोणी नव्हतं. एकट्यानेच मिस्सा सुरू करायची म्हणून ते उभे राहिले, आणि दारात जिवलीबाय आली. पलीकडच्या पाड्यावरची म्हातारी. कडेवर नातू घेऊन टेकडी चढून आली होती.

“त्या दिवशीची,” फादर म्हणाले.

रेमेदने कप खाली ठेवला. “चवीला कशी होती?”

फादरांनी डोळे बारीक केले. जणू जिवलीबाय समोर दारातच उभी होती.

“तिच्या त्या पोराला फार खोकला झाला होता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा सुटल्यावर रेमेद थोरल्याच्या घरी गेला. सांतान वहिनी ओटीवर परात घेऊन मनुका निवडत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. रेमेद तिच्यासमोर मांडी घालून बसला, परात थोडी आपल्याकडे ओढली आणि देठ काढायला लागला. मग वहिनी म्हणाली, “भावजी, देठ परातीत ठेवताय आणि मनुका टाकताय.” रेमेदने टाकलेल्या मनुका वेचून पुन्हा परातीत घातल्या, आणि परात संपेपर्यंत तिथेच बसून राहिला.