वखारपेठेचा ग्लास

रेवणसिद्धच्या बारमध्ये व्हिस्कीच्या कॉकटेलना गावातल्या पेठांची नावं होती. एकदा वखारपेठेचे नगरसेवक घुलेसाहेब कार्यकर्त्यांना घेऊन आले आणि त्यांनी ऐटीत आपल्या पेठेचं कॉकटेल मागवलं. पहिल्याच घोटाला त्यांना ठसका लागला.

"ह्यात पाण्याचा थेंब नाही. माझ्या पेठेची बदनामी करतोस? लायसन्स घालवीन तुझं."

"साहेब, जशी पेठ तसा ग्लास," रेवणसिद्ध टेबल पुसत म्हणाला. "वखारपेठेत नळाला दिवसाआड पाणी येतं, म्हणून ग्लासातही दिवसाआडच घालतो. उद्या या."

कार्यकर्ते छताकडे बघू लागले. ते सगळे वखारपेठेतच राहत होते.

"पण वेळेवर या," रेवणसिद्ध म्हणाला. "अर्धाच तास असतं."